शिक्षेच्या आधीचे प्रश्न : इस्लामी फौजदारी न्यायाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मी कामगार चळवळीचा इतिहास सांगेन अशी त्यांची समजूत झाली असावी. मी वेगळाच विषय मागून घेतला याचे काहींना नवल वाटले. मी वकील नाही, मौलवी नाही, पदवीधरही नाही. अरबी मला येत नाही. जे वाचले ते भाषांतरांतून वाचले. तरी या विषयाकडे मी कसा वळलो ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सूतगिरणीच्या गेटवर झडती घेताना एका कामगाराच्या जेवणाच्या डब्यात सुताच्या तीन कांड्या सापडल्या. अंतर्गत चौकशी झाली. कामगाराच्या बाजूने मी बसलो होतो. चौकशी अधिकाऱ्याने विचारले, कांड्या तुझ्याच डब्यात होत्या ना? तो हो म्हणाला. चौकशी संपली. त्या कामगाराचा पाच महिन्यांचा पगार गिरणीकडे थकला होता. त्याबद्दल मी प्रश्न काढला, तेव्हा हा प्रश्न प्रस्तुत प्रकरणाशी संबंधित नाही असे कागदावर लिहिले गेले.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी चिडून बोलत होतो. आमच्या युनियनचे एक वयस्क सभासद शेजारी बसले होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. ते म्हणाले, “तुम्ही जो प्रश्न विचारलात तो हजरत उमरनी चौदाशे वर्षांपूर्वी विचारला होता. पण त्यांनी तो मालकाला विचारला.” आणि त्यांनी मला एक हकीकत सांगितली. ती खरीच ग्रंथात आहे की चाचांनी माझे समाधान करण्यासाठी रचली, हे पाहावे म्हणून मी वाचू लागलो. तेव्हापासून हे वाचन सुटले नाही.

हकीकत ग्रंथात आहे. मदिनेचे इमाम मालिक इ. स. ७९५ मध्ये वारले. त्यांच्या ‘मुवत्ता’ या संग्रहात ती येते. खलीफा उमर यांची कारकीर्द ६३४ ते ६४४ ही. हातिब नावाचे एक प्रतिष्ठित गृहस्थ मदिनेत राहत. ते पैगंबरांचे सहकारी, बद्रच्या लढाईत लढलेले. त्यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतील एका माणसाची सांडणी चोरली आणि कापून खाल्ली. गुन्हा कबूल झाला. उमरनी हात तोडण्याचा हुकूम दिला. मग ते थबकले आणि हातिबना म्हणाले की, तुम्ही यांना उपाशी ठेवता असे मला दिसते. हुकूम राहिला. सांडणीच्या मालकाला किंमत विचारली. तो म्हणाला, चारशे दिरहमला मी ती विकली नसती. उमरनी हातिबना आठशे दिरहम भरावयास लावले.

ही गोष्ट सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. पण त्याच ग्रंथात मालिक पुढे लगेच सांगतात की, दुप्पट किंमत वसूल करण्याची वहिवाट आमच्याकडे नाही. आमच्याकडे जनावराची त्या दिवशीची किंमत तेवढी घेतात. म्हणजे शास्त्रकारांनी गोष्ट जपली, पण मालकाला बसलेला दंड नियम म्हणून स्वीकारला नाही. आणि ज्यांचे हात वाचले ते गुलाम गुलामच राहिले. आजच्या विषयाचे मर्म मला या दोन्ही गोष्टींत मिळून दिसते. या न्यायशास्त्राने शिक्षेच्या आधी विचारावयाचे काही फार चांगले प्रश्न तयार केले. ते प्रश्न जेथे विचारले गेले तेथे माणसे वाचली. जेथे प्रश्न गाळून नुसती शिक्षा उचलली गेली तेथे गरीब चिरडला गेला. आणि काही प्रश्न असे होते, की जे त्या शास्त्राने स्वतःही कधी विचारले नाहीत.

आता शास्त्राची मांडणी पाहू. शिक्षांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग ‘हद्द’. गावाची हद्द, सहनशक्तीची हद्द असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. अरबीत त्याचे अनेकवचन हुदूद. ईश्वराने आखून दिलेली सीमा असा त्याचा अर्थ. चोरी, वाटमारी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ आणि मद्यपान हे यातले ठळक गुन्हे. धर्मत्याग आणि बंड यांनाही काही शास्त्रकार यात धरतात. या शिक्षा ठरलेल्या आहेत, काझीला त्यांत कमीजास्त करता येत नाही. दुसरा वर्ग ‘किसास’, म्हणजे खून आणि जखमा यांचा बरोबरीचा बदला, किंवा त्याऐवजी ‘दियत’, म्हणजे रक्ताची भरपाई. तिसरा वर्ग ‘ताजीर’. जे पहिल्या दोहोंत बसत नाही ते सगळे यात येते आणि शिक्षा किती द्यावी हे काझीने ठरवावयाचे असते.

लोकांना माहीत असतो तो पहिला वर्ग, कारण हात तोडणे आणि फटके मारणे हे त्यात आहे. कुराणात चोराचा हात तोडण्याची आज्ञा आहे, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पण हनफी, मालिकी, शाफई आणि हनबली या चारही सुन्नी पंथांच्या शास्त्रकारांनी चोरी कशाला म्हणावे याची जी व्याख्या केली ती पाहा. मालाची किंमत ठराविक रकमेहून कमी असेल तर हात तुटत नाही. हनफी मताने ही रक्कम दहा दिरहम, म्हणजे साधारण तीस ग्रॅम चांदी. मालिकी व शाफई मताने पाव दिनार, म्हणजे साधारण एक ग्रॅम सोने. माल कुलुपाआड किंवा राखणीत असला पाहिजे. उघड्यावरचा माल उचलला तर हद्द लागत नाही. ज्याला घरात येण्याजाण्याची मुभा आहे अशा नोकराने घरातले उचलले तर हनफी मताने हात तुटत नाही. दूध, मांस, ताजी फळे यांसारखा नासणारा माल चोरला तरी तसेच. सरकारी खजिन्यातून चोरले तरी हद्द नाही, कारण त्या खजिन्यात प्रत्येक मुसलमानाचा काही वाटा आहे, तेव्हा चोराचाही आहे. दोन साक्षीदार हवेत. आणि नुसत्या कबुलीवर शिक्षा होणार असेल तर ती कबुली आरोपीला शेवटपर्यंत मागे घेता येते. या सर्वांवर एक सामान्य नियम असा, की जेथे शंका आहे तेथे हद्द टाळावी.

व्यभिचाराच्या बाबतीत तर प्रत्यक्ष कृत्य डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार लागतात. आणि जो आळ घेतो पण चार साक्षीदार आणू शकत नाही, त्यालाच ऐंशी फटके. मला यात एक जाणीवपूर्वक केलेली रचना दिसते. शिक्षा भीतीसाठी उंचावर टांगून ठेवावयाची, आणि तिच्यापर्यंत पोचणारा जिना इतका अरुंद करावयाचा की सहसा कोणी वर जाऊ नये.

या संदर्भात आणखी दोन गोष्टी परंपरा सांगते. माखझूम या वजनदार घराण्यातील एका स्त्रीने चोरी केली, तेव्हा लोकांनी पैगंबरांच्या लाडक्या माणसाकडून रदबदली केली. पैगंबर रागावले. पूर्वीचे लोक नष्ट झाले ते याच कारणाने, की बड्याने चोरी केली तर ते सोडून देत आणि दुबळ्याने केली तर शिक्षा देत, अशा आशयाचे ते बोलले. माझ्या मुलीने चोरी केली असती तरी हेच झाले असते, असेही म्हणाले. त्या स्त्रीला शिक्षा झाली. दुसरी गोष्ट हिजरी १८ म्हणजे इ. स. ६३९ च्या दुष्काळाची. अरबस्तानात त्या वर्षाला राखेचे वर्ष म्हणतात. त्या वर्षी उमरनी चोरीसाठी हात तोडणे थांबवले होते. एका गोष्टीत बड्या घराला सवलत नाही, दुसरीत भुकेल्याला आहे. आमच्या चळवळीला यापेक्षा अधिक काही शिकवावे लागत नाही.

खुनाच्या बाबतीत हे शास्त्र आपल्या आजच्या कल्पनेहून फार वेगळे आहे. खून हा मुख्यतः राज्याविरुद्धचा गुन्हा नाही, मृताच्या वारसांचा दावा आहे. वारस तिन्हीपैकी एक गोष्ट करू शकतात: जिवाला जीव मागावा, दियत घ्यावी, किंवा सोडून द्यावे, आणि सोडून देणे हे सर्वांत पुण्याचे. पुऱ्या दियतीचे मूळ माप शंभर उंट. अरब टोळ्यांत एका माणसाच्या रक्तासाठी पिढ्यान्‌पिढ्या खून चालत, त्याला या नियमाने बांध घातला. ज्याने मारले तोच जबाबदार, त्याचा भाऊ किंवा टोळीवाला नव्हे. आणि घरातला कर्ता गेला तर विधवेच्या हाती काहीतरी पडावे, याची सोय झाली. आपल्या न्यायालयात खुन्याला जन्मठेप होते आणि मृताची बायको रिकाम्या हाताने एस.टी.ने गावी परतते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून या कल्पनेला मी सहजासहजी रानटी म्हणणार नाही.

पण आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्त्रीची दियत पुरुषाच्या निम्मी. हुदूद आणि किसासच्या खटल्यांत बहुतेक शास्त्रकारांनी स्त्रियांची साक्ष मानलीच नाही. मुसलमानाने मुसलमानेतराला मारले तर हनफी मताने जिवाला जीव लागतो, पण इतर पंथांच्या मताने साधारणतः लागत नाही. गुलाम हा अर्धा माणूस आणि अर्धा माल. आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो दियत देऊन सुटतो; ज्याच्याजवळ नाही त्याचे काय, याला शास्त्रात समाधानकारक उत्तर नाही. त्याशिवाय राज्यकर्ते काझीच्या अरुंद जिन्याने चढत बसत नसत. राज्याच्या सोयीसाठी दंड करण्याचा आपला वेगळा अधिकार ते वापरत, आणि त्यात साक्षीदारांची मोजदाद नसे. या अधिकाराखाली क्रूर गोष्टी झाल्या. मात्र काही शहाणपणाच्याही झाल्या. सुलतान सुलेमान (कारकीर्द १५२० ते १५६६) याच्या काळातील उस्मानी कायद्यात अनेक गुन्ह्यांचा दंड गुन्हेगाराच्या मालमत्तेप्रमाणे ठरे: श्रीमंताला जास्त, मध्यमाला कमी, गरिबाला त्याहून कमी. एकाच रकमेचा दंड मालकाला आणि मजुराला सारखा लागत नाही, हे त्या कायदेकारांना कळत होते.

हा सारा इतिहास परका वाटत असेल तर आपल्याच कोर्टाच्या आवारात जाऊन कान द्या. फिर्याद, गुन्हा, वकील, जामीन, कैद, मुद्देमाल, हजर आणि खुद्द ‘फौजदारी’ हे सारे शब्द फारसी-अरबी कारभारातून आले. मोगलांचा फौजदार गेला, पण फौजदारी कोर्ट राहिले. आपल्या जुन्या वतनाच्या तंट्यांतले ‘महजर’ही मूळचे अरबी, समक्ष हजर असलेल्यांनी केलेला लेख असा त्याचा अर्थ. इंग्रज आले तेव्हा बंगालमध्ये फौजदारी न्याय हनफी शास्त्राप्रमाणे चालत होता, आणि कंपनीने तो एकदम बदलला नाही. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्हे आखून फौजदारी अदालती ठेवल्या, त्यांत काझी, मुफ्ती आणि मौलवी बसत.

येथे एक मौज आहे. आज पुष्कळांना वाटते, इंग्रजांना मुसलमानी कायदा फार क्रूर वाटला म्हणून त्यांनी तो बदलला. हात तोडण्याबद्दल त्यांना किळस होती हे खरे. पण हेस्टिंग्जची १७७३ मधली मुख्य तक्रार उलट होती: हा कायदा फार सौम्य आहे, रक्तपाताला फार कचरतो, दरोडेखोर याच्या फटींतून निसटतात. १७७२ च्याच त्याच्या योजनेत असे कलम होते, की दरोडेखोराला त्याच्या गावी नेऊन फाशी द्यावे, गावाला दंड करावा आणि त्याच्या बायकामुलांना सरकारचे गुलाम करावे. बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला गुलाम करण्याची ही सोय शरीयतीतून आलेली नव्हती.

तीन वर्षांनी नंदकुमारचे प्रकरण झाले. या बंगाली ब्राह्मण सरदाराने १७७५ मध्ये हेस्टिंग्जवर लाचखोरीचा उघड आरोप केला. थोड्याच दिवसांत त्याच्यावर एका जुन्या दस्ताच्या बनावटीचा खटला उभा राहिला आणि सर न्यायाधीश इंपे यांच्या कोर्टाने त्याला मृत्युदंड दिला. ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात त्याला फाशी झाली. बनावट दस्तासाठी फाशी हिंदू धर्मशास्त्रात नव्हती आणि मुसलमानी कायद्यातही नव्हती. ती इंग्लंडच्या कायद्यात होती. त्या शतकात इंग्लंडमध्ये दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरल्याबद्दलही फाशीची तरतूद होती. तेव्हा कोणाचा कायदा सुधारलेला आणि कोणाचा मागासलेला, हे बोलताना साल आणि ठिकाण दोन्ही सांगावे.

१७९० च्या डिसेंबरात कॉर्नवॉलिसने दोन मोठे बदल केले. अबू हनीफा यांच्या मताने खून ठरवताना हत्याराला महत्त्व होते. धारदार शस्त्राने मारले तर जिवाला जीव, गळा दाबून किंवा बुडवून मारले तर दियत. कॉर्नवॉलिसने ठरवले की हत्यार नव्हे, हेतू पाहावयाचा. हे योग्यच झाले, आणि अबू हनीफांच्या शिष्यांचेही मत त्या बाजूचे होते. दुसरा बदल असा, की वारसांनी माफ केले तरी शिक्षा टळणार नाही. पुढच्याच वर्षी अवयव तोडणे बंद झाले. दोन अवयवांच्या ऐवजी चौदा वर्षे सक्तमजुरी, एकाच्या ऐवजी सात वर्षे. आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने गुन्हे आणि शिक्षा सर्वांसाठी एकत्र लिहून काढल्या. बंगाल-मद्रासेत मात्र मुफ्तीचा फतवा आणखी काही दशके कोणत्या ना कोणत्या रूपात चालू राहिला. मेकॉलेच्या मसुद्यावरून झालेला भारतीय दंड संहितेचा कायदा १८६० चा. तो १ जानेवारी १८६२ रोजी अमलात आला आणि हे पर्व संपले.

या बदलांत आपण मिळवले पुष्कळ. ब्राह्मण, महार, मुसलमान, स्त्री, पुरुष सर्वांची साक्ष कायद्याने एका पातळीवर आली. श्रीमंत खुन्याला पैसे फेकून सुटण्याची वाट बंद झाली. पण गमावलेही काही. खटला सरकारचा झाला. ज्याचे नुकसान झाले तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुरता उरला. आणि तुरुंग, जो जुन्या शास्त्रात किरकोळ साधन होता, तो प्रत्येक गुन्ह्याचे उत्तर बनला.

विसाव्या शतकात काही देशांत उलटा प्रवास सुरू झाला. पाकिस्तानात जनरल झियांनी १९७९ मध्ये हुदूद फर्माने काढली. चार साक्षीदारांची अट हद्दीसाठी तशीच ठेवली. पण तिच्या शेजारी कमी पुराव्यावर कैद आणि फटके देणारे ताजीरचे कलम बसवले, आणि बलात्कार व व्यभिचार एकाच फर्मानात घातले. परिणाम असा झाला, की जी अट स्त्रीला आळापासून वाचवण्यासाठी होती ती बलात्काऱ्याला वाचवू लागली, आणि गर्भवती राहिलेली स्त्री स्वतःच्या फिर्यादीनेच आरोपी ठरू लागली. १९८३ मध्ये एका अंध मुलीला अशीच कैद आणि फटके सुनावले गेले. वरच्या शरीयत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, पण कायदा बदलण्यास २००६ साल उजाडले. वारसांच्या माफीचेही तसेच. घराण्याच्या अब्रूसाठी भावाने बहिणीला मारले आणि बापाने वारस म्हणून मुलाला माफ केले, तर खटल्यात उरले काय? तेथील संसदेने २०१६ मध्ये कायदा करून अशा खुन्याला माफीनंतरही जन्मठेप ठेवली.

सुदानमध्ये १९८३ च्या सप्टेंबरात नुमैरीने हुदूद एका झटक्यात लागू केले. देशात अन्नधान्याची टंचाई होती, त्याच सुमारास पश्चिमेकडे दुष्काळ पसरत होता, आणि खार्टूममध्ये चोरांचे हात तुटत होते. उमरनी दुष्काळात जे थांबवले ते यांनी दुष्काळात सुरू केले. महमूद मुहंमद ताहा या वृद्ध मुसलमान विचारवंताने या कायद्यांविरुद्ध पत्रक काढले. १८ जानेवारी १९८५ रोजी त्यांना धर्मत्यागी ठरवून फाशी दिले. तीन महिने होण्याच्या आत लोकांच्या उठावाने आणि संपांनी राजवट डळमळली आणि नुमैरी पदभ्रष्ट झाला. त्या उठावात कामगार आणि पेशेवाल्यांच्या संघटना आघाडीवर होत्या, हे मी मुद्दाम सांगतो.

आणि दियत? ती आपल्या घरापर्यंत आली आहे. आखाती देशांत आपली लाखो माणसे मजुरी करतात. सौदी अरेबियात मृत्युदंड झालेल्या केरळच्या एका कामगारासाठी एप्रिल २०२४ मध्ये तेथील लोकांनी चौतीस कोटी रुपये जमवले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांनी दिले. फाशी टळली. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. ज्याच्यामागे केरळसारखे जागे गाव नाही, अशा बिहारच्या किंवा आपल्या मराठवाड्याच्या पोराने शंभर उंटांची किंमत कोठून आणावी?

म्हणून मला कोणी विचारले की शरीयतीचा फौजदारी कायदा आणावा का, तर मी नाही म्हणेन. अवयव तोडणारी शिक्षा मला मान्य नाही. आणि कायद्यापुढे स्त्री निम्मी व परधर्मीय कमी ठरतो, ते तर कामगार चळवळीला कधीच चालणार नाही. पण त्या शास्त्रकारांचे प्रश्न मी ठेवून घेईन. माल किती किमतीचा होता? त्यात त्याचा काही हक्काचा वाटा होता का? शंकेला जागा आहे का? आणि तो उपाशी होता का, असल्यास कोणी ठेवला? १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. दहा दिरहमांची रेघ ओढणाऱ्या काझीला ही तरतूद ओळखीची वाटली असती. शेवटचा प्रश्न मात्र या संहितेतही नाही.

त्या कामगाराचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. आम्ही कामगार न्यायालयात गेलो. चार वर्षांनी तडजोड झाली. थकलेला पगार मिळाला, नोकरी मिळाली नाही. तडजोडीच्या कागदावर मालकाच्या बाजूने सही झाली तेव्हा चाचा माझ्या शेजारी उभे होते. ते एवढेच म्हणाले, “दुप्पट मागायला हवे होते.”